रमाबाईंनी पुन्हा विश्वास कसा ठेवला?

१८७८ साल. कलकत्त्यात ख्रिस्ती मंडळींचा एक मेळावा भरलाय आणि त्याला दोन खास पाहुणे बोलावलेत. वीस वर्षांची एक मुलगी आणि तिचा थोरला भाऊ. दोघंही संस्कृत पंडित. कार्यक्रम चालू असताना सगळी मंडळी अचानक उठतात, आपापल्या खुर्चीकडे वळतात आणि खुर्चीपुढे गुडघे टेकून डोळे मिटतात. ही भावंडं चकित. हे लोक खुर्चीची पूजा करतात की काय, असंच त्यांना वाटतं! निघताना त्यांच्या हातात संस्कृत बायबलची प्रत दिली जाते. मुलगी ते उघडून बघते, पण भाषा आणि मांडणी इतकी अनोळखी असते की काही कळत नाही.

पुढे याच मुलीने हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं. ती म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंबद्दल आपल्याला शाळेत दोन-तीन ओळी असतात. स्त्रीशिक्षण, शारदा सदन, विधवांसाठी काम. परीक्षेला तेवढं पुरतं. पण या बाईंनी आयुष्यातले सगळे मोठे निर्णय एका गोष्टीवर टाकले होते आणि तिच्याबद्दल सहसा कुणी बोलत नाही. देव आपल्याला रोजच्या रोज वाट दाखवतो, यावर त्यांचा विश्वास होता. आजच्या भाषेत हे जरा भाबडं वाटेल. मलाही सुरुवातीला वाटलं. गंमत अशी की रमाबाई अजिबात भाबड्या नव्हत्या. आणि देवावर भरवसा ठेवून काय होतं, याचा त्यांचा पहिला अनुभव भयंकर होता.

२३ एप्रिल १८५८ चा त्यांचा जन्म, सह्याद्रीच्या कर्नाटकातल्या भागात, गंगामूळ नावाच्या जंगलात. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे गाढे विद्वान. बायकांना संस्कृत शिकवायचं नाही अशा काळात त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. लोकांनी जाब विचारला, पण ते मागे हटले नाहीत. लहानग्या रमेला संस्कृत शिकवलं ते आईने, पहाटे उठवून. पुढे घरची परिस्थिती खालावली आणि कुटुंब तीर्थयात्रेला निघालं ते कायमचंच. देवळात, नदीकाठी बसून पुराणं सांगायची, लोक श्रद्धेने जे देतील त्यावर राहायचं. त्यातलंही बरंचसं दानधर्मात जायचं. व्रतं, उपास, अनुष्ठानं यात काही कमी नव्हतं.

मग दक्षिणेत दुष्काळ पडला. होतं नव्हतं ते विकून झालं. भीक मागायची नाही, आणि अंगमेहनतीचं काम विद्वान ब्राह्मणाच्या घरात कुणाला येत नाही. शेवटी पाला खाऊन दिवस काढायची वेळ आली. वडिलांनी जलसमाधी घ्यायचं ठरवलं होतं. तेव्हा मुलगा म्हणाला की मी जातीचा अभिमान बाजूला ठेवतो, मजुरी करतो. तो बेत तिथे थांबला, पण वडील तापाने गेलेच. १८७४ साली. थोड्याच दिवसांत आई गेली. तिला स्मशानात न्यायला खांदेकरी मिळेनात. कसेबसे दोन जण आले, तिसरा भाऊ आणि चौथी रमा. ती उंचीने लहान, त्यामुळे तिने तिरडी डोक्यावर घेतली. मग थोरली बहीणही गेली.

उरले दोघं, रमा आणि श्रीनिवास. पायी पायी देश पालथा घातला. रमाबाईंच्या हिशेबाने ही चाल चार हजार मैलांहून जास्त भरते. पंजाबात झेलमच्या काठी थंडी इतकी की पांघरायला काही नाही म्हणून वाळूत खड्डे खणून त्यात झोपायचे आणि अंगावर कोरडी वाळू ओढून घ्यायचे. एवढं सगळं होऊनही देवदर्शनं चालू होती. पण आतून विश्वास उडत चालला होता. आईवडिलांनी सगळं आयुष्य देवाला वाहिलं आणि ते भुकेने गेले, हे त्या कधी विसरल्या नाहीत. उतारवयातसुद्धा त्यांनी दुष्काळाच्या या आठवणी लिहून काढल्या.

तर कलकत्त्यातली ती मुलगी अशी होती. तिची विद्वत्ता बघून तिथल्या पंडितांनी तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. वर्तमानपत्रांत नाव झालं. केशवचंद्र सेनांनी तिला वेद वाचायला सांगितले. ते तिने वाचले, स्त्रियांबद्दल शास्त्रात काय लिहिलंय तेही वाचलं आणि अस्वस्थ झाली. १८८० साली भाऊही गेला. त्याच वर्षी तिने बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा, भाषा वेगळी. आसामात सिल्चरला संसार मांडला. नवऱ्याच्या पुस्तकांत तिला लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली आणि ती आवडीने वाचू लागली. १८८१ मध्ये मनोरमा झाली, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने नवरा गेला.

चोविसाव्या वर्षी विधवा, कडेवर तान्ही मुलगी, माहेर असं काही उरलेलंच नाही. या अवस्थेत रमाबाई पुण्यात आल्या. आणि आल्या आल्या काय केलं, तर आर्य महिला समाज काढला, ‘स्त्रीधर्मनीति’ नावाचं पुस्तक लिहिलं आणि सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देऊन बायकांसाठी शिक्षिका आणि लेडी डॉक्टर हव्यात असं सांगितलं. हे सगळं १८८२ या एकाच वर्षात. आपण सेमिस्टरला दोन असाइनमेंट आल्या तरी कुरकुर करतो.

डॉक्टर व्हायचं म्हणून १८८३ मध्ये त्या इंग्लंडला निघाल्या. भाड्याचे पैसे त्या पुस्तकाच्या विक्रीतून उभे राहिले. पण डॉक्टर होणं जमलं नाही. ऐकू कमी यायला लागलं होतं, आणि कानाने अधू असलेल्या विद्यार्थिनीला मेडिकलचं शिक्षण घेणं शक्य नव्हतं. एक दार बंद. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांचा तिथेच मृत्यू झाला, तो धक्का वेगळाच.

वाँटेज गावात त्या ज्या ख्रिस्ती भगिनीमंडळाकडे राहिल्या होत्या, त्यांचं एक काम लंडनमध्ये फुलहॅम भागात होतं. समाजाने वाईट चालीच्या म्हणून टाकून दिलेल्या बायकांना तिथे ठेवून घेत, त्यांची सेवा करत. रमाबाईंनी हे कधी बघितलंच नव्हतं. अशा बाईला शिक्षा होते हे त्यांना माहीत होतं. तिला प्रेमाने वागवून उभं करता येतं, हे नवीन होतं. हे लोक असं का वागतात, असं विचारल्यावर एका भगिनीने त्यांना येशू आणि शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. विहिरीवर पाणी भरायला आलेली, गावाने नावं ठेवलेली बाई, आणि तिच्याशी आदराने बोलणारा येशू. रमाबाईंच्या मनाने घेतलं ते इथे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

पुण्यात गदारोळ झाला. ज्यांनी डोक्यावर घेतलं होतं त्यातल्याच अनेकांनी तोंड फिरवलं. जोतीराव फुल्यांनी मात्र १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली.

बाप्तिस्मा घेतला म्हणजे आता चर्च सांगेल ते ऐकणार, असा जर इंग्लंडमधल्या मंडळींचा समज असेल तर तो लवकरच फिटला. सिस्टर जेराल्डिन यांनी त्यांना ख्रिस्ती शिक्षण द्यायची जबाबदारी घेतली होती. या दोघींचा पत्रव्यवहार म्हणजे एक मोठं भांडणच आहे, प्रेमाचं पण खरं भांडण. रमाबाई त्रैक्यावर प्रश्न विचारतात, चर्चच्या मतांवर शंका घेतात, जे बायबलात मला दिसत नाही ते मी का मानू असं विचारतात. चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं अशी कल्पना निघाली, तेव्हा मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. हिंदुस्थानात लोक काय म्हणतील! रमाबाई चिडल्या. त्या तर हिंदुस्थानात भर सभेत पुरुषांपुढे व्याख्यानं देत आल्या होत्या. त्यांनी कळवून टाकलं की कुणाचं ऐकायचं ते माझा विवेक ठरवेल, कुठला पदाधिकारी नाही.

मला या माणसात सगळ्यात जास्त आवडतं ते हे. देवाची आज्ञा पाळायची हे पक्कं. पण देवाच्या नावाने दुसरा कुणी आज्ञा द्यायला लागला की त्याला कागदपत्रं दाखवायला लावायची.

१८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या, फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला. जायचं होतं थोडे दिवस, राहिल्या अडीच वर्षांच्या वर. व्याख्यानं दिली, हिंदू उच्चवर्णीय स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, आणि १८८७ च्या डिसेंबरात बोस्टनला रमाबाई असोसिएशन उभी राहिली. तिने दहा वर्षं खर्च उचलायचं कबूल केलं. ११ मार्च १८८९ ला मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झालं आणि १८९० मध्ये ते पुण्यात आलं. पहिल्या विद्यार्थिनींत होत्या गोदूबाई. पुढे धोंडो केशव कर्व्यांशी ज्यांचा पुनर्विवाह झाला त्या बाया कर्वे.

सदनात धर्म शिकवायचा नाही असं ठरलं होतं. सल्लागार मंडळात रानडे, भांडारकर अशी मोठी माणसं होती. रमाबाई आपल्या खोलीत मनोरमेला घेऊन प्रार्थना करायच्या आणि दार उघडं ठेवायच्या. मुली येऊन बसायला लागल्या. दार लावून घ्या, असं सांगितलं गेलं. त्यांनी लावलं नाही. मी कुणाला बोलावत नाही आणि कुणाला हाकलणारही नाही, अशी त्यांची भूमिका. ‘केसरी’ने झोड उठवली, १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले, पालकांनी वीसेक मुली काढून नेल्या. इथे चूक कुणाची यावर आजही वाद घालता येईल. तरुण विधवांना दुसरीकडे कुठेच आसरा नाही, आणि आसरा देणारी बाई त्यांची लाडकी. अशा ठिकाणी उघडं दार किती उघडं असतं, हा प्रश्न मला तरी रास्त वाटतो. पण त्याचबरोबर, आपल्याच घरात प्रार्थना लपून करा असं सांगणंही काही न्यायाचं नव्हतं.

रमाबाईंच्या स्वतःच्या मनात या सुमारास दुसरंच काही चाललं होतं. बाप्तिस्म्याला आठ वर्षं झाल्यावर, १८९१ च्या आसपास, एका इंग्रज धर्मोपदेशकाचं आत्मचरित्र वाचताना त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण ख्रिस्त सापडलाच नाही. बुद्धीला पटलं म्हणून धर्म घेतला, त्यावर विसंबून मात्र राहिलो नाही. मग त्यांनी जॉर्ज म्यूलर यांचं चरित्र वाचलं. हे ब्रिस्टलला हजारो अनाथ मुलांना सांभाळायचे आणि पैशासाठी माणसांपुढे हात पसरायचे नाहीत, फक्त देवाकडे मागायचे. हे हिंदुस्थानात जमेल का, असा प्रश्न रमाबाईंना पडला.

१८९६ मध्ये लोणावळ्याला ख्रिस्ती मंडळींचं शिबिर होतं. रमाबाई आपल्या पंधरा मुली घेऊन गेल्या होत्या. एका पहाटे उठून, रानात एकट्या बसून, त्यांनी मागितलं की या पंधरांचा वर्ग होऊ दे. पंधराचा वर्ग म्हणजे दोनशे पंचवीस. मागून झाल्यावर त्यांनाच शंका आली की एवढ्या मुली ठेवणार कुठे आणि खायला काय घालणार. देवाकडे मागताना अशी गणिती भाषा वापरणारं माणूस मी दुसरं वाचलेलं नाही.

काही महिन्यांत मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याच्या बातम्या आल्या.

खरा पेच इथे होता. अमेरिकेचा पैसा ठरावीक कामासाठी, उच्चवर्णीय विधवांसाठी, आणि तोही दहा वर्षांची मुदत संपायला आली होती. दुष्काळातल्या मुली वाटेल त्या जातीच्या, आजारी, उपाशी, त्यांच्यासाठी एक पैसा मंजूर नव्हता. पहिल्यांदा रमाबाईंनी हे काम आपलं नाही असंच ठरवलं होतं. पण वीस वर्षांपूर्वीचा तो पाला, ती तिरडी त्यांना झोपू देईना. मुलींना फसवून नेणारी माणसं दुष्काळी भागात फिरतायत हे कळलं तेव्हा त्यांनी कुणाची परवानगी न घेता गाडी पकडली. एक खेप, दुसरी खेप करत सुमारे तीनशे मुली आल्या. म्हणजे मागितलेल्या आकड्याहून जास्तच.

आणल्या पुण्यात. आणि १८९७ म्हणजे पुण्याच्या प्लेगचं वर्ष. सदनात एवढी गर्दी चालणार नाही, असा सरकारी बडगा आला. नेणार कुठे? दौंडच्या वाटेवर केडगावला त्यांनी दोन-एक वर्षांपूर्वी सुमारे १०० एकर माळरान घेऊन ठेवलं होतं. कशासाठी, तर फळबाग लावून तिच्या उत्पन्नावर, अमेरिकेची मदत थांबल्यावर, शाळा चालवायची म्हणून. तिथे राहायला धड इमारत नव्हती. तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या आणि त्यातून मुक्ती सदन झालं. रमाबाई याकडे देवाचं मार्गदर्शन म्हणूनच बघायच्या. आधी जमीन, मग मुली, मग हुकूम, हा क्रम त्यांना योगायोग वाटला नाही. तुम्हाला वाटू शकतो. पण जमीन घेताना जो माणूस पाच वर्षांनंतरचं उत्पन्न मोजत होता तोच हे म्हणतोय, एवढं लक्षात ठेवा.

याच प्लेगच्या काळात त्यांनी पुण्यातल्या प्लेग हॉस्पिटलात बायकांचे काय हाल होतात त्याबद्दल ‘बॉम्बे गार्डियन’ला पत्र पाठवून सरकारची अब्रू काढली. त्यावरून पार विलायतेच्या पार्लमेंटात प्रश्न निघाले. देवाचं ऐकणारी बाई गव्हर्नरला घाबरत नव्हती, असं म्हणू या.

१९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला आणि मुक्तीत माणसं दोन हजारांच्या घरात गेली. दोन हजार! आपल्या हॉस्टेलची मेस दोनशे जणांना वेळेवर पोळ्या देऊ शकत नाही. इथे रोज दोन वेळचं जेवण, कपडे, औषध, शाळा, आणि कायमचं कबूल केलेलं उत्पन्न जवळजवळ नाही. देणग्या यायच्या त्या टपालाने, कुठून कुठून, कधी भरपूर तर कधी काहीच नाही. रमाबाई आधी प्रार्थना करायच्या. मग विहिरी खणून घ्यायच्या, गाई सांभाळायच्या, मुलींना विणकाम, तेलघाणा, शिवण, छपाई, शेती शिकवायच्या. शिकलेल्या मोठ्या मुलींना धाकट्यांवर नेमायचं, असं सगळं घरचंच मनुष्यबळ. माणसांकडे मागायचं नाही असं त्या म्हणत, पण मुक्तीत काय चाललंय याची खबर छापून देशोदेशी पाठवतही असत. कुणी याला विसंगती म्हणेल. मला वाटतं त्यांच्या लेखी या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्याच. आई देवळात पुराण सांगायची तेव्हा हात रिकामे ठेवून देवाची वाट बघणं काय असतं ते त्यांनी पाहिलं होतं. मजुरी करीन म्हणणारा भाऊही त्यांनी पाहिला होता, आणि तो म्हणाला तोपर्यंत उशीर झाला होता.

अंध मुलींना ब्रेल शिकवायला मनोरमाबाई पुढे आल्या. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन निघालं, त्याचं मूळ फुलहॅममध्ये होतं हे उघड आहे. १९०५ मध्ये मुक्तीत मोठी धार्मिक लाट आली. शेकडो मुली एकदम मोठ्याने रडत, प्रार्थना करत. जगभर त्याचा बोलबाला झाला, काही मिशनऱ्यांनी नाकं मुरडली. रमाबाईंनी ते थांबवलं नाही. त्या स्वतः मात्र पांढरं सुती लुगडं नेसून, शाकाहारी राहून, मराठीतच देवाशी बोलत राहिल्या. साहेबी थाट त्यांना कधी चिकटला नाही.

शेवटची वर्षं भाषांतराची. मराठीत बायबल होतं, पण संस्कृतने जड झालेलं. मुक्तीतल्या खेड्यातून आलेल्या बायकांना ते कळायचं नाही. म्हणून जिला संस्कृतने पदव्या मिळवून दिल्या तिनेच ठरवलं की संस्कृत कमी करायचं. त्यासाठी मुळातून हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. वय पन्नाशीकडे, कान जवळपास गेलेले. नवा करार १९१३ मध्ये आला. खिळे जुळवायला, छापायला, बांधायला मुक्तीतल्याच बाया होत्या, त्यातल्या कित्येक दुष्काळातून उचलून आणलेल्या. चर्चमध्ये हे भाषांतर फारसं रुळलं नाही, हे सांगायला हवं.

१९२१ च्या जुलैत मनोरमाबाई गेल्या. वय चाळीस. आईनंतर मुक्ती चालवायची ती हीच, असं सगळे धरून चालले होते. विश्वास ठेवून सगळं सुरळीत होतं असं ज्यांना वाटतं त्यांनी रमाबाईंच्या आयुष्यातलं हे पान वगळून चालणार नाही. वडील, आई, बहीण, भाऊ, नवरा आणि आता एकुलती एक लेक. आईवडील गेले तेव्हा देवावरचा विश्वास उडाला होता. या वेळी त्या पुन्हा प्रुफं घेऊन बसल्या. काम पुरं होईपर्यंत आयुष्य दे, असं त्यांनी मागितलं होतं असं मुक्तीत सांगतात.

५ एप्रिल १९२२ ला रमाबाई केडगावलाच गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडलं. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीत बसलात तर वाटेत केडगाव लागतं. संस्था तिथे अजून चालू आहे.